नानांच्या ओट्यावरची रोपे

९ जून १९९६, रविवार. सकाळचे पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. फैजपूरहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मळ्यात वच्छलाबाई चौधरी हिरव्या जाळीच्या शेडमध्ये पाठीवर फवारणीचा पंप घेऊन रोपांवर पाणी मारत होत्या. शेतीपंपांची वीज सहाला येणार होती. ती आली की वरच्या नळ्यांतून धुक्यासारखे पाणी आपोआप पडे. तोवर हाताने दांडा हलवायचा. फवारून झाले की त्या दोन-तीन रोपांच्या पानांना हाताची पाठ लावून पाहत. पान गार लागले की पुढच्या रांगेकडे वळत.

शेड अर्ध्याहून जास्त रिकामे होते. आदल्या दिवशी, शनिवारी, त्या जळगावजवळच्या प्रशिक्षण केंद्रात बैठकीला गेल्या होत्या, आणि ठरल्याप्रमाणे आठ घरांनी आपापली रोपे नेली होती. तीन घरची माणसे सावद्याला लग्नाला गेली होती, म्हणून त्यांची रोपे मागे राहिली. रात्री शेवटच्या एसटीने उतरल्यावर वच्छलाबाईंनी शेडकडे एक नजर टाकली, रिकाम्या रांगा पाहिल्या आणि सगळे सुरळीत झाले असे धरून झोपल्या.

रोपे केळीची होती, पण गावाने आजवर लावलेल्या केळीसारखी नव्हती. ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत जन्मली, विमानाने मुंबईला उतरली, केंद्रात थोडी मोठी झाली आणि मग काळ्या पिशव्यांतून वच्छलाबाईंकडे आली. त्यांना खानदेशातले ऊन सोसायची सवय लावायची, हे वच्छलाबाईंचे काम. त्यासाठी केंद्राने त्यांना शिकवले होते. शिकवणाऱ्या बाई फिलिपिन्सच्या होत्या, नाव रोझा. त्या इंग्रजीत बोलत आणि केंद्राचा अधिकारी मराठीत सांगे. पानाला हाताची पाठ लावायचे मात्र त्यांनी न बोलता शिकवले होते. आधी स्वतःच्या कपाळाला हात लावला, मग पानाला. शिकायला बसलेल्या बायांना ते लगेच कळले. ताप असाच बघतात.

वच्छलाबाईंचे वय अडतीस, शिक्षण सातवीपर्यंत. नवरा जीवराम भुसावळला रेल्वेत. तो दर आठवड्याला एकदा घरी येई. दोन एकर जमीन, एक विहीर. चार वर्षांपूर्वी त्यांनी अर्ध्या एकरात ठिबकच्या नळ्या अंथरल्या, तेव्हा गल्लीतली माणसे बांधावर उभी राहून हसली होती. थेंबाने कुठे केळीची तहान भागते का, असे म्हणाली होती. त्यांचा अर्धा एकर आधी पिकला आणि हसणे थांबले. म्हणूनच केंद्राने गावातून माणूस मागितला तेव्हा अकरा घरांनी त्यांचे नाव सांगितले.

या अकरा घरांची जमीन दोन-तीन एकरांच्या आत. केंद्राची अट अशी होती की नवी रोपे लावायची तर जुना बाग मुळासकट काढायचा, जुने कंद शेतात ठेवायचे नाहीत, नाहीतर त्यांतला रोग नव्या रोपांना लागतो. अकराही घरांनी बाग मोडला. कंद बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांनी ट्रक भरून सीमेपलीकडे नेले. मृगात लावायचा बाग आता याच रोपांवर उभा राहायचा होता. रोपे गेली तर त्या घरांकडे लावायला दुसरे काही नव्हते. शिवाय अठरा तारखेला केंद्र मोजणी करणार होते. तिनांतली दोन रोपे जगलेली दिसली तरच सप्टेंबरात लावायच्या केळीसाठी, म्हणजे कांदेबागेसाठी, दुसरी खेप या गावाला. नाहीतर ती दुसऱ्या गावाला.

सहा वाजता वीज आली. नळ्या फुसफुसल्या. वच्छलाबाईंनी पाठीवरचा पंप उतरवला तेवढ्यात बेबाबाई आली. ती मूळची पिंपळनेरकडची, वीस वर्षे इथे मजुरीला, पण बोली अजून तिकडचीच.

"बाई, तुन्या पिशव्या नानाना दारमा फाटेल पडेल शेतस," ती म्हणाली. "बठ्ठ्या."

सगळ्या पिशव्या नानांच्या दारात फाटून पडल्या आहेत म्हटल्यावर वच्छलाबाईंना पहिल्यांदा वाटले, जनावर शिरले. पण नानांच्या दारात गाय नव्हती, बकरी नव्हती. मग त्या चालू लागल्या, आणि चालता चालता जवळजवळ पळू लागल्या.

चुडामण नाना त्यांचे चुलत सासरे. वय बहात्तर. गावात कंदाची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही, असे मानतात. मृग जवळ आला की माणसे बागेतून काढलेले कंद बैलगाडीतून नानांच्या ओट्यावर आणतात. पहिल्या कंदाला हळद लावायची. नाना लहान विळ्याने त्याच्या मुळ्या साफ छाटतात, माती खरवडतात आणि लिंबाच्या सावलीत ठेवतात. छाटलेल्या जागी कातडी धरली, कंद थोडा सुकला, की मग लावायचा. नानांचा हात लागल्याशिवाय कोणी कंद जमिनीत घालत नाही. नाना त्याचे काही घेत नाहीत. चहासुद्धा स्वतःच पाजतात.

वच्छलाबाई अंगणात आल्या. लिंबाखाली गोणपाटावर रोपे मांडली होती, रांगेने, एकाशेजारी एक, नीट. पिशव्या नव्हत्या, माती नव्हती, मुळ्या नव्हत्या. ओट्याच्या कडेला पांढऱ्या मुळ्यांचा ढीग होता, दोऱ्याच्या गुंत्यासारखा. शेजारी हळदीची वाटी.

"ये, वच्छले," नाना म्हणाले. "तुझ्या लेकरांचं जावळ काढलं पाहा."

शेजारचा मगन, आठ घरांतलाच एक, फाटक्या पिशव्या गोळा करत बसला होता. "वहिनी, नाना रात्री जेवले बी नाहीत. म्हने, फॉरेनचा माल हाये, हात हलका पाह्यजे."

वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाकून एक रोप उचलले. पान फडक्यासारखे लोंबत होते. हाताची पाठ लावली. कोमट.

"नाना, छाटायले कोनी सांगलं?"

"सांगायले काय पाह्यजे? केळीची मुळी छाटतात." नाना हसले. "पन काय वं, याले कंदच नाही! बोटाएवढी गाठ. तुझ्या परदेशी बाईनं कंद घरी ठेवून घेतला का काय?"

"तुम्हीच सांगलं होतं ना, वहिनी," मगन म्हणाला. "मी इचारलं, लावायचं कसं? तुम्ही म्हने, नेहमीसारखं करा, हे बी केळीच. माझ्यासमोर सांगलं."

सांगितले होते. माणसे बाटलीतल्या रोपाला घाबरत होती, म्हणून धीर द्यायला सांगितले होते. पाण्याचे सांगितले, खताचे सांगितले, उन्हाचे तर रोज सांगितले. मुळ्या छाटू नका, हे त्यांनी सांगितले नव्हते. त्यांना ते कोणी शिकवलेही नव्हते.

"सगळ्या साफ छाटल्या?" त्यांनी विचारले.

"पहिल्या साफ. मंग मले वाटलं, लई नाजूक हाये, म्हनून पेरभर ठेवल्या." नानांनी बोटाचे पेर दाखवले. "का वं? कमी छाटल्या का?"

लग्न होऊन आल्यापासून वच्छलाबाई नानांना कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्यांनी मगनला एवढेच सांगितले की सगळ्या रोपांवर ओले गोणपाट टाका, आता, लगेच. आणि मगनच्याच लुनावर मागे बसून त्या फैजपूरला गेल्या.

रविवार होता. रिखबचंदच्या दुकानाचे अर्धे फाटक उघडे होते. शेडची हिरवी जाळी याच दुकानातून घेतली होती, आणि फोनही इथेच होता. केंद्राचा फोन बराच वेळ वाजत राहिला. शेवटी पहारेकऱ्याने उचलला. साहेब नाहीत, मॅडम नाहीत, उद्या तुमच्याच गावाला यायचे आहे ना, तेव्हा भेटतीलच, असे म्हणून त्याने ठेवला.

"काही बिघडलं का, बाई?" रिखबचंदने विचारले.

"नाही."

"बिघडलं असेल तर सांगा. पण जाळी मी परत घेत नाही हं, आधीच सांगतो."

"जाळी चांगली हाये, भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी मनात हिशेब मांडला. तीन घरची रोपे शाबूत. ती सगळी जगली असे धरले तरी उरलेल्या आठ घरांची निम्म्याहून जास्त जगायला हवीत. मुळ्यांशिवाय. जूनच्या उन्हात. प्रशिक्षणात मुळ्या तुटलेल्या रोपाबद्दल काहीच नव्हते. पण बाटलीतून नुकत्याच काढलेल्या रोपाबद्दल होते. त्यालाही मुळ्या जवळजवळ नसतात. ते कोंदट, ओल्या हवेत ठेवायचे, वरून प्लास्टिक, पानाचा अर्धा भाग कापायचा, म्हणजे पान पाणी कमी मागते. केंद्रात त्यांनी ते पाहिले होते, स्वतः केले नव्हते. ते इथे चालेल की नाही, हे सांगायला कोणी नव्हते.

"वहिनी, गप का?" मगनने पुढून विचारले. "चुकलं का काही?"

"चुकलं."

मगनने लुना हळू केली. त्याचा सगळा बाग मोडला होता. "किती चुकलं?"

"माहीत नाही. तू गाडी चालव."

नानांना सांगणे भाग होते. वच्छलाबाई ओट्याखाली उभ्या राहिल्या. मगन मागे, आणि आता आठ घरांतली बरीच माणसे अंगणात.

"नाना, यांच्या मुळ्या छाटायच्या नव्हत्या."

नानांनी ओट्यावरचा विळा हातात घेतला.

"कंदाच्या पोटात महिनाभराचं खानं असते. मुळ्या नसल्या तरी तो जगते, नव्या फोडते. याच्या पोटात काही नाही. याची मुळी गेली म्हंजे तोंडच गेलं."

अंगणात कोणीतरी "आता?" म्हणाले. कोणीतरी दुसऱ्याला गप्प केले. नाना हातातला विळा पाहत होते. धार पाहावी तसे.

"मरतील?"

"काही मरतील. किती, ते मले बी नाही माहीत."

"हे तू काल का नाही सांगलं?"

"सुचलं नाही, नाना."

नानांनी विळा धोतराला पुसला आणि ओट्यावरच्या वळचणीत खोचला. मग मुळ्यांच्या ढिगाकडे पाहिले. "मले बी इचारायचं नाही सुचलं," ते म्हणाले. "कोठे न्यायची, सांग."

दुपारपर्यंत रोपे बैलगाडीतून शेडमध्ये परत आली. रेती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवून त्यात ती उभी केली. बांबूच्या काड्या वाकवून वरून प्लास्टिक टाकले, गुडघ्याएवढे बुटके मांडव झाले. पानाचा अर्धा भाग कात्रीने कापायचे काम वच्छलाबाईंनी नानांना दिले. नाना शेडमध्ये पहिल्यांदाच आले होते. त्यांनी एक पान कापले, दाखवले, वच्छलाबाईंनी मान हलवली, मग ते न थांबता कापत गेले. दोनला वीज गेली, नळ्या थांबल्या, आणि फवारणीचा पंप सुरू झाला. माणसे पाळीने दांडा हलवत होती, बाया बादल्या भरून देत होत्या, एकजण सारखा प्लास्टिक उचलून आत डोकावत होता आणि त्याला सगळे ओरडत होते.

"बठ्ठा गाव दवाखानामा उना का वो बाई?" बेबाबाईने विचारले. दोघी-तिघी हसल्या. वच्छलाबाईंना हसू आले नाही. त्या रांगेतून फिरत होत्या. हाताची पाठ लावत होत्या. कोणते रोप मेले, हे अजून कळायचेच नव्हते. मुळी छाटलेली केळी दोन-चार दिवस हिरवीच दिसते. हेच वाईट होते.

सोमवारी सकाळी त्या शेडमध्ये आल्या तेव्हा मगन आधीच आत होता. त्याने तीन घरांची शाबूत रोपे दाराजवळ आणून मांडली होती, छान हिरवीगार. मागच्या बुटक्या मांडवांपुढे त्याने ताडपत्री बांधली होती.

"हे काय, मगन?"

"बाई येईल, पुढचं पाहील, खूश होईल, जाईल. आपन म्हनू, बाकीच्यांनी नेली, लावली." तो घाईने बोलत होता. "अठरापर्यंत वेळ भेटेल ना, वहिनी. तोवर यांच्यातली जगतील तेवढी जगतील. आज पाहिलं तर आजच नाव काटतील."

वच्छलाबाईंनी ताडपत्रीला हात लावला नाही. मगनचे म्हणणे त्यांना पूर्ण चुकीचे वाटत नव्हते. पण रोपांना पुढे काय करायचे हे माहीत असलेले माणूस एकच होते, रोझाबाई, आणि त्या आज अर्ध्या तासासाठी येत होत्या.

केंद्राची जीप साडेनऊला आली. रोझाबाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, डोक्यावर कापडी टोपी. बरोबर अधिकारी. रोझाबाईंनी दाराजवळच्या रोपांना हाताची पाठ लावली, मान डोलावली, इंग्रजीत काही म्हणाल्या.

"मॅडम म्हणतात, फार छान," अधिकारी म्हणाला. "बाकीची लावली का?"

मगन पुढे झाला. "हो साहेब, ती तर..."

"नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाकीची मागं हायेत. त्यांच्या मुळ्या छाटल्या."

अधिकाऱ्याला वाटले, आपण नीट ऐकले नाही. त्याने पुन्हा विचारले. वच्छलाबाईंनी ताडपत्रीची गाठ सोडली.

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. "अहो, हे काय केलंत? प्रशिक्षणात काय शिकवलं होतं तुम्हाला?"

"मुळ्या छाटू नका, असं कोनी नव्हतं शिकवलं, साहेब. आनि मी बी पुढं सांगलं नाही. इथी केळीच्या मुळ्या छाटूनच लावतात."

"मी छाटल्या," नाना मागून म्हणाले. "तिले काही म्हनू नका."

रोझाबाईंना सगळे मराठीतून इंग्रजीत कळायला वेळ लागला. त्यांनी अधिकाऱ्याला थांबवून एकदा नानांकडे बोट दाखवले, एकदा स्वतःकडे. त्यांच्या बेटावर त्यांचे वडीलही मोठ्या कंदाच्या मुळ्या छाटून लावत, असे त्या म्हणाल्या. मग रिकामी बादली उलटी केली, तिच्यावर बसल्या आणि एकेक मांडव उघडायला लावला. प्रत्येक रोप बुंध्याशी दोन बोटांत दाबून पाहायचे. घट्ट लागले तर डावीकडे, मऊ लागले तर उजवीकडे. अर्धा तास कधीच उलटून गेला. अधिकारी घड्याळ पाहत होता. माणसे फक्त उजव्या बाजूकडे पाहत होती.

पेरभर मुळी ठेवलेली रोपे बहुतेक डावीकडे गेली. साफ छाटलेली बरीचशी उजवीकडे. शेवटी दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसत होत्या.

"डावीकडची सगळी जगतील?" वच्छलाबाईंनी विचारले.

अधिकाऱ्याने विचारून सांगितले, "मॅडम म्हणतात, सगळी नाही. गुरुवारपर्यंत आणखी काही जातील. प्लास्टिकखालची हवा दिवसभर ओली राहिली पाहिजे. एकदाही सुकली तर गेलीच."

"आनि मोजनी?"

हा प्रश्न त्याने मॅडमना विचारला नाही. "मोजणी अठरालाच. नियम मी केलेला नाही, बाई. पुढे ढकलता येणार नाही."

रोझाबाई उठल्या, टोपी नीट केली, वच्छलाबाईंना दोन गोष्टी सांगितल्या आणि अधिकाऱ्याने त्या मराठीत केल्या. केंद्रातून फवारणीचे आणखी दोन पंप आज संध्याकाळी पाठवू. पुढच्या गावाला रोपे दिली तर मुळ्या छाटू नका, हे तुम्ही तिथे येऊन सांगा. सगळ्यात आधी हेच सांगा.

जीप गेली. मगन ताडपत्रीची घडी घालत होता. "सांगलं नसतं तर..." तो म्हणाला. उजव्या बाजूची रोपे कोणी उचलायला तयार नव्हते. शेवटी बेबाबाईने ती टोपलीत भरली आणि खताच्या खड्ड्याकडे नेली.

नाना डावीकडच्या रांगेपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एका रोपाचा बुंधा दोन बोटांत दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"वच्छले, हे घट्ट हाये का मऊ?"

वच्छलाबाईंनी वाकून पाहिले. "सांगता येत नाही, नाना."

वायरमन दुपारी सायकलवरून गेला, जाता जाता ओरडून सांगून गेला. शेतीपंपांची पाळी बदलली आहे. उद्या, मंगळवारी, वीज दुपारी दोनला येईल आणि रात्री दहाला जाईल. म्हणजे सकाळी उजाडल्यापासून दोनपर्यंत शेडमधले पाणी हाताने मारायचे. घराघराने तासांच्या पाळ्या वाटून घेतल्या. पहाटे पाचची पहिली पाळी चुडामण नानांची आहे.